कूलगार्डीचे पाणी आणि एका अधिकाऱ्याचे मौन

सरकारी अधिकाऱ्याला तोंड नसते, असे म्हटले जाते. कामाचे श्रेय मंत्र्याचे, अपश्रेयही मंत्र्याचे, आणि विधिमंडळात उत्तर द्यायचे तेही मंत्र्यानेच. अधिकाऱ्याने आपले मत फायलीत लिहावे आणि बाहेर मौन पाळावे, हा ब्रिटिश पद्धतीच्या प्रशासनाचा जुना संकेत आहे. संकेत चांगला आहे. अधिकारी जर व्यासपीठावर चढून वादविवाद करू लागले तर राज्यकारभाराचा आखाडा व्हायला वेळ लागणार नाही. परंतु या संकेताला एक अट जोडलेली आहे आणि तिचा विसर फार लवकर पडतो. ज्याला बोलण्याची मनाई आहे, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलले पाहिजे, ही ती अट. ती मोडली गेली म्हणजे काय घडते, हे समजून घ्यायचे असेल तर चार्ल्स येल्व्हर्टन ओकॉनर या आयरिश अभियंत्याचे चरित्र वाचावे. आयर्लंडमधून देशांतर केलेला हा माणूस पश्चिम ऑस्ट्रेलियाचा मुख्य अभियंता झाला, त्या वसाहतीला त्याने बंदर दिले, रेल्वे दिली, वाळवंटात पाणी पोहोचवण्याची योजना दिली. आणि ते पाणी पोहोचण्यापूर्वी नऊ महिने त्याचा अंत झाला.

ओकॉनर यांचा जन्म ११ जानेवारी १८४३ रोजी आयर्लंडच्या मीथ परगण्यात झाला. वडील शेतकरी होते, पुढे एका कंपनीचे चिटणीस झाले. चार्ल्स दोन वर्षांचा असताना बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुष्काळाला प्रारंभ झाला. १८४१च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली या बेटाची लोकसंख्या दहा वर्षांनी ६६ लाखांच्या आत आली. काही लाख भुकेने आणि साथीने मेले, काही लाख बोटीत बसून निघून गेले. दुष्काळ सरला तरी बोटी थांबल्या नाहीत. त्या पिढीतील आयरिश तरुणाला आपले भवितव्य समुद्रापलीकडे शोधावे लागणार, हे जणू गृहीतच होते. ओकॉनर यांनी वॉटरफर्डच्या शाळेत शिक्षण घेतले आणि १८५९ साली जॉन चॅलोनर स्मिथ या रेल्वे अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. रूळ टाकताना, बंधारे बांधताना जे शिकता येईल तेवढीच त्यांची विद्या. १८६५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेही बोटीत बसले आणि न्यूझीलंडला पोहोचले.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तेव्हा सोन्याचा शोध लागला होता. पूर्व किनाऱ्यावरील क्राइस्टचर्चपासून पश्चिमेच्या होकिटिका या सोन्याच्या गावापर्यंत, मधली हिमाच्छादित पर्वतरांग ओलांडून, आर्थर्स पास या खिंडीतून गाडीरस्ता काढण्याचे काम चालू होते. त्या कामावर ओकॉनर सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. सोन्यामागे धावणाऱ्या माणसांना रस्ता हवा असतो, पूल हवा असतो, बंदर हवे असते. पण स्वतः ते करायला त्यांना सवड नसते. ते काम सरकारच्या पगारी नोकराने करायचे. या तरुण अभियंत्याच्या सबंध आयुष्याचे सूत्र त्या पहिल्या नोकरीतच ठरून गेले. पुढे ते वेस्टलँड परगण्याचे अभियंता झाले, १८७४ साली त्यांचा विवाह झाला, आणि १८८३ साली न्यूझीलंडच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे अवर सचिवपद त्यांच्याकडे आले. पदाचे नाव ऐकून वाटते तसे हे दुय्यम पद नव्हते. त्या काळच्या रचनेत खात्याचा कायम प्रमुख तोच असे.

आणि तरीही मुख्य अभियंत्याची जागा भरण्याची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले. १८९० साली त्यांच्याकडे बंदरांचे काम सोपवले गेले. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर आलेले हे डावलले जाणे त्यांच्या मनाला किती लागले असेल, हे सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. ज्येष्ठतायादीत वरचे नाव असावे आणि आदेशावर दुसऱ्याचेच नाव उमटावे, हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नाही.

नेमक्या त्याच सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियातून बोलावणे आले. या वसाहतीला १८९० साली स्वराज्याचे अधिकार मिळाले होते आणि जॉन फॉरेस्ट हे तिचे पहिले मुख्यमंत्री झाले होते. मुख्यमंत्री म्हणायला हरकत नाही, कारण पुढे हीच वसाहत ऑस्ट्रेलियाचे एक राज्य झाली. आकाराने अवाढव्य, पण १८९१च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती जेमतेम पन्नास हजारांची, असा हा प्रदेश होता. फॉरेस्ट यांनी ओकॉनर यांना वर्षाला एक हजार पौंड वेतनावर मुख्य अभियंत्याचे पद देऊ केले. आपल्याकडे नक्की कोणते काम राहील, रेल्वेचे की बंदरांचे, अशी पृच्छा ओकॉनर यांनी तारेने केली. रेल्वे, बंदरे आणि सर्व काही, असे उत्तर आले. ही तार पश्चिम ऑस्ट्रेलियात आजही कौतुकाने सांगितली जाते. ती जेवढी उमदी होती तेवढीच धोक्याचीही होती, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. एका माणसावर सर्व काही सोपवले म्हणजे उद्या सर्व दोषांसाठीही एकच नाव हाताशी राहते.

पहिले मोठे काम फ्रीमँटलच्या बंदराचे. पर्थ शहराला लागून वाहणाऱ्या स्वान नदीच्या मुखाशी खडकाचा एक आडवा उंबरठा होता आणि मोठी जहाजे आत येऊ शकत नव्हती. युरोपातून येणाऱ्या टपालबोटी चारशे किलोमीटरांहून दूर, दक्षिण टोकाच्या ऑल्बनीला थांबत. सर जॉन कूड हे बंदरांच्या बांधणीतले त्या काळचे सर्वमान्य नाव. त्यांनी नदीचे मुख उघडण्याविरुद्ध सल्ला दिला होता: किनाऱ्यालगत वाळू वाहते, मुख मोकळे केले तरी ते भरून जाईल, तेव्हा बंदर बाहेर समुद्रातच बांधावे. खुद्द फॉरेस्ट यांचा कलही नदीबाहेरच्या जागेकडे होता. ओकॉनर यांनी वाळूच्या हालचालीची स्वतः तपासणी केली आणि कूड यांचा निष्कर्ष चुकीचा असल्याचे सांगितले. खडक सुरुंगाने फोडावा, मुखाच्या दोन्ही बाजूंना दगडी धक्के टाकावेत, तळ खोल करावा आणि नदीच्या आत बंदर करावे, अशी त्यांची योजना होती. नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने लंडनच्या सर्वश्रेष्ठ तज्ज्ञाला आणि आपल्याच मुख्यमंत्र्याला एकाच वेळी खोडून काढणे, याला धैर्य लागते. त्याचे ऐकून आपले मत बदलणे, यालाही मोठेपणा लागतो. फॉरेस्ट यांनी तो दाखवला आणि १८९२ साली विधिमंडळाने नदीबंदराची योजना संमत केली. ४ मे १८९७ रोजी ‘सुलतान’ ही आगबोट नव्या बंदरात शिरली. टपालबोटी १९०० साली ऑल्बनी सोडून फ्रीमँटलला आल्या. वाळूने बंदर भरले नाही. ते आजही वापरात आहे.

या यशाच्या हिशेबात एक नोंद राहून जाते. तो खडकाचा उंबरठा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना, नूंगार लोकांना, पवित्र होता. नदी ओलांडण्याची त्यांची ती वाट होती. सुरुंग लावताना त्यांना कोणी विचारले नाही. त्या काळात असा प्रश्न विचारायचा असतो हेच वसाहतीच्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते, आणि ओकॉनर त्याला अपवाद नव्हते. ज्यांच्या स्वतःच्या देशाने परकी सत्ता अनुभवली होती, अशा माणसाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते.

बंदराचे काम चालू असतानाच वसाहतीचे नशीब पालटले. १८९२ साली कूलगार्डीला आणि १८९३च्या जून महिन्यात कॅलगुर्लीला सोने सापडले. कॅलगुर्लीचे सोने शोधणारा पॅट्रिक हॅनन हाही आयरिश देशांतरितच. पर्थच्या पूर्वेला शेकडो किलोमीटर आत, जेथे वर्षाकाठी दहा इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि एकही वाहती नदी नाही, अशा प्रदेशात हजारो माणसे जाऊन राहिली. खडकातील ज्या नैसर्गिक खळग्यांत साचणाऱ्या पाण्यावर तेथील आदिवासी युगानुयुगे जगत आले होते, ते खळगे या गर्दीने उपसून कोरडे केले. खाऱ्या तळ्यांचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळणारे गोडे पाणी गॅलनच्या हिशेबाने विकले जाऊ लागले. त्यासाठी भोवतालचे रान जळणाकरिता तोडले गेले. अंघोळ ही चैनीची बाब झाली. विषमज्वराच्या साथी आल्या. ज्या जमिनीत सोन्याच्या शिरा होत्या त्या जमिनीवर माणसे घाणेरड्या पाण्याने मरत होती. रेल्वे ओकॉनर यांनी १८९६ साली कूलगार्डी आणि कॅलगुर्लीपर्यंत नेलीच होती. पण रेल्वेने नेऊन नेऊन पाणी किती नेणार?

किनाऱ्याकडून नळाने पाणी न्यावे, ही कल्पना त्या सुमारास अनेकांनी बोलून दाखवली होती. तिचे जनकत्व कोणाकडे, यावर तेथे बरीच शाई खर्च झाली आहे. तो वाद सोडून द्यावा. कल्पना बोलून दाखवणे आणि तिचा हिशेब मांडणे यांत फरक आहे, आणि हिशेब मांडला तो ओकॉनर यांनी. पर्थजवळच्या टेकड्यांत, मंडारिंग येथे, हेलेना नदीवर बंधारा घालायचा. तेथून आठ पंपघरांच्या साहाय्याने, टप्प्याटप्प्याने, रोज ५० लाख गॅलन पाणी सुमारे ५३० किलोमीटर लांब आणि जवळजवळ ४०० मीटर उंच चढवायचे. वाफेवर चालणारे वीस पंप त्यासाठी लागणार होते. खर्च २५ लाख पौंड. ही रक्कम वसाहतीच्या त्या वेळच्या वार्षिक महसुलाच्या तोडीची होती.

नळाचाच प्रश्न घ्या. त्या काळी पोलादी पत्रे वाकवून रिव्हेटने जोडत आणि नळ तयार करीत. रिव्हेटच्या प्रत्येक छिद्रापाशी गळतीची भीती आणि आतल्या प्रत्येक उंचवट्याशी पाण्याला अडथळा. मेलबर्नचे कारखानदार मेफन फर्ग्युसन यांनी रिव्हेटविरहित नळ शोधून काढला होता. अर्धवर्तुळाकार वाकवलेल्या दोन पत्र्यांच्या कडा एका खाचेच्या पट्टीत बसवायच्या आणि पट्टी दाबून घट्ट करायची, अशी ती रचना. हा नळ कोठेही मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिलेला नव्हता. ओकॉनर यांनी त्याची निवड केली. तीस इंच व्यासाचे आणि अठ्ठावीस फूट लांबीचे असे सुमारे साठ हजार नळ तयार झाले. पोलाद परदेशातून आले, नळ मात्र पर्थच्या परिसरातील कारखान्यांत घडवले गेले. इतक्या लांबीची पोलादी जलवाहिनी आणि एवढ्या अंतरावर पंपाने पाणी चढवण्याचा प्रयोग यापूर्वी झालेला नव्हता. ओकॉनर स्वतः १८९७ साली लंडनला गेले, इंग्लंडमधील नामांकित अभियंत्यांच्या समितीपुढे योजना ठेवली, तिचा अनुकूल अभिप्राय घेतला. त्याच वर्षी त्यांना सी.एम.जी. हा किताब मिळाला.

योजनेला विरोध झाला, आणि विरोध होणे योग्यच होते. छोट्या वसाहतीने एवढे कर्ज काढावे काय? नळ पोहोचेपर्यंत खाणीतले सोने संपले तर कर्ज कोणी फेडायचे? नळ फुटले तर? वाळवंटाच्या उन्हात पाणी आटले तर? हे प्रश्न वेडगळ नव्हते. करदात्याच्या पैशावर मोठे काम उभे राहत असताना असे प्रश्न विचारले गेले नाहीत तर विधिमंडळ आणि वृत्तपत्रे हवीतच कशाला? जोवर फॉरेस्ट मुख्यमंत्री होते, तोवर या प्रश्नांना उत्तर देणारा एक भरभक्कम आवाज सभागृहात होता. अधिकारी आपल्या कचेरीत काम करीत राहिला, मंत्री त्याच्या वतीने बोलत राहिला. संकेत पाळला जात होता.

१९०१ साल उजाडले आणि ऑस्ट्रेलियातील सहा वसाहतींचे संघराज्य झाले. फॉरेस्ट संघराज्याच्या मंत्रिमंडळात निघून गेले. दहा वर्षे स्थिर असलेला पश्चिम ऑस्ट्रेलियाचा कारभार डळमळू लागला. फेब्रुवारी ते डिसेंबर या अवधीत थ्रॉसेल, लीक, मॉर्गन्स आणि पुन्हा लीक अशी चार मंत्रिमंडळे आली. यांतील कोणालाही जुन्या मुख्यमंत्र्याच्या योजनेचे ओझे आपल्या शिरावर घेण्याची हौस नव्हती. योजना मात्र नेमक्या अवघड वळणावर होती: बंधारा पुरा होत आलेला, नळ जमिनीत पडत असलेले, सांधे शिशाने भरण्याचे काम यंत्राने करायचे की हाताने, कंत्राटाने की सरकारी मजुरांकरवी, यावर वाद पेटलेला. त्या कंत्राटाच्या निमित्ताने ओकॉनर यांच्या एका निकटच्या साहाय्यकाच्या वर्तनाविषयी संशय निर्माण झाला. चौकशीचे आदेश निघाले.

पर्थच्या ‘संडे टाइम्स’ या साप्ताहिकाने या योजनेवर पूर्वीपासूनच कोरडे ओढले होते. फ्रेडरिक व्हॉस्पर हे त्याचे जहाल संपादक. ओकॉनर यांच्या अंताचा दोष पुष्कळदा त्यांच्या माथी मारला जातो, तो न्याय्य नाही. व्हॉस्पर १९०१च्या जानेवारीतच वारले होते. सर्वांत विषारी लेख त्यांच्या मागे, १९०२च्या फेब्रुवारीत, प्रसिद्ध झाला. त्यात ओकॉनर यांना भोंदू ठरवण्यात आले, सार्वजनिक पैशाशी खेळ केल्याचा आणि भ्रष्टाचाराचा आरोप त्यांच्यावर उघडपणे करण्यात आला. पुरावा दिला गेला नाही. देण्याची आवश्यकताही वाटली नाही, कारण ज्याच्याविषयी लिहिले तो उत्तर देऊ शकणार नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

हे वृत्तपत्राच्या पानावर लिहिणे काहीसे अडचणीचे असले तरी लिहिलेच पाहिजे. सरकारी कामाची चिरफाड करण्याचा अधिकार वृत्तपत्राला आहे आणि तो त्याने सोडता कामा नये. पण मंत्र्यावर केलेली टीका आणि अधिकाऱ्यावर केलेली टीका यांची जात वेगळी आहे. मंत्री दुसऱ्या दिवशी सभा घेतो, निवेदन काढतो, संपादकाला चार शब्द सुनावतो. अधिकारी तेच पान वाचून कचेरीत जातो आणि पुढची फाइल उघडतो. शिपायापासून साहाय्यकापर्यंत सर्वांनी ते पान वाचलेले असते. ते त्याला माहीत असते, आणि त्याला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असते. ‘योजना फसेल’ असे लिहिणे ही टीका होय. ‘हा माणूस चोर आहे’ असे पुराव्याविना लिहिणे ही टीका नव्हे, आणि ते लोकहिताच्या नावाखाली लिहिले म्हणून त्याला वेगळे नाव मिळत नाही.

सरकारची जबाबदारी याहून मोठी होती. आपला मुख्य अभियंता दोषी आहे असे वाटत असते तर लीक मंत्रिमंडळाने त्याला निलंबित करावयास हवे होते. निर्दोष वाटत होता तर सभागृहात उभे राहून तसे म्हणावयास हवे होते. यांपैकी काहीच झाले नाही. चौकशा नेमायच्या, त्यांच्यासमोर त्याला बोलवायचे आणि तोच माणूस एकाच वेळी बंधारा पुरा करील, नळ पुरे करील, अशी अपेक्षा ठेवायची, हा मध्यम मार्ग निवडला गेला. तो सर्वांना सोयीचा होता, एकाखेरीज.

ओकॉनर यांचीही बाजू निर्दोष नव्हती. त्यांनी फार कामे अंगावर घेतली. १९०२च्या आरंभी, स्वतःच्या योजनेभोवती वादळ घोंगावत असताना, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारला बंदराविषयी सल्ला देण्यासाठी ते ॲडलेडला गेले होते. परतले तेव्हा बरेच काही हाताबाहेर गेले होते. साहाय्यकांवर त्यांनी टाकलेला विश्वास सर्वत्र सार्थ ठरला असे नाही. कचेरीतला माणूस जितका प्रामाणिक, तितका तो हाताखालच्यांच्या प्रामाणिकपणाची शहानिशा करण्यात कमी पडतो, असे पुष्कळदा दिसते. पण हे दोष चौकशीने दुरुस्त होण्याजोगे होते.

१० मार्च १९०२ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, फ्रीमँटलजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर ओकॉनर यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. रोज सकाळी घोड्यावरून फेरफटका करण्याचा त्यांचा तो नेहमीचा किनारा होता. आपणच बांधलेले बंदर तेथून दूर नव्हते.

या मृत्यूभोवती एक दंतकथा रचली गेली आहे आणि ती अनेक पुस्तकांतून, शाळांतून फिरत राहिली आहे. ती अशी: पाणी सोडले, दिवसांमागून दिवस गेले, कूलगार्डीला थेंबही आला नाही, आपली योजना फसली असे समजून अभियंत्याने आत्मघात केला, आणि लगेच पाणी आले. कथा म्हणून ती रंगतदार आहे. वस्तुस्थितीशी तिचा काही संबंध नाही. मार्चमध्ये पाणी सोडलेलेच नव्हते. योजना अपुरी होती. शिवाय ओकॉनर यांनी मागे ठेवलेले छोटेसे पत्र उपलब्ध आहे. त्यात योजनेविषयी शंका नाही. कूलगार्डीची योजना बरोबर आहे, संधी मिळाली आणि विपर्यासापासून संरक्षण मिळाले तर आपण ती पुरी करू शकलो असतो, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. एकीकडे चिंतेचे महत्त्वाचे काम आणि दुसरीकडे तीन चौकशा, ही स्थिती अशक्य झाली आहे. मन ताब्यात राहिलेले नाही. तेव्हा हे काम पूर्वीच्या जबाबदाऱ्यांचे जोखड नसलेल्या नव्या माणसाकडे द्यावे, असाही मजकूर आहे. आणि सर्वांत शेवटी, दिनांक घातल्यानंतर, सुचलेली एक ओळ: हेलेनाच्या बंधाऱ्याच्या बाजूच्या भिंती ताबडतोब घालाव्यात.

दंतकथा सोयीची का, हे यावरून कळते. अभियंत्याचे गणित चुकल्याची भीती त्याला खाऊन गेली, असे म्हटले की दोष त्याच्या मनोदौर्बल्याकडे जातो. ज्या साप्ताहिकाने लेख छापला, ज्या मंत्र्यांनी तोंड उघडले नाही, ते सर्व चित्रातून बाहेर पडतात. खरे तर त्याचे मन थकले होते आणि थकलेल्या मनाच्या माणसाला त्या क्षणी कोणाचा तरी हात हवा होता. तो मिळाला असता तर काय झाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण तो द्यावा असे कोणाला सुचले नाही, याची नोंद राहिली पाहिजे.

चौकशी पुढे चालू राहिली. ओकॉनर यांनी भ्रष्टाचार केल्याचे तिच्यात सिद्ध झाले नाही. काम त्यांच्याच आराखड्यांप्रमाणे, त्यांनीच तयार केलेल्या माणसांनी पुरे केले. २२ डिसेंबर १९०२ रोजी पाणी कूलगार्डीला पोहोचले, १६ जानेवारी १९०३ रोजी कॅलगुर्लीला. २४ जानेवारीला, भाजून काढणाऱ्या उन्हात, फॉरेस्ट यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन झाले. १९११ साली फ्रीमँटलला ओकॉनर यांचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. मूर्तिकार पिएत्रो पोर्सेली. नळांचे शिशाचे सांधे मात्र पुढे गळू लागले, नळ आतून गंजू लागले, आणि १९३०च्या दशकात वाहिनीचा मोठा भाग उकरून जमिनीवर घ्यावा लागला, सांधे वितळजोडणीने पक्के करावे लागले. ओकॉनर यांनी सर्व काही अचूक केले, असे म्हणणाऱ्या भक्तांनी हेही ध्यानात ठेवावे. पहिल्यांदाच होणाऱ्या कामात अशा चुका राहणारच, आणि त्या दुरुस्त करून काम पुढे चालवायचे असते.

खाणींसाठी आखलेल्या या वाहिनीच्या वाटेवरच्या गावांना आणि गव्हाच्या शेतांना पुढे तिच्या शाखांनी पाणी मिळू लागले. सोने संपेल आणि कर्ज तेवढे उरेल, असे भाकीत १८९६ साली करण्यात आले होते. कॅलगुर्लीत सोने आजही निघते, आणि तेथे प्यायला येणारे पाणी आजही मंडारिंगच्या बाजूनेच येते.